सहाव्या मिनिटाला पडलेलं विमान

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास माझं विमान पडलं. सोलापूरच्या बाहेर ज्वारी निघून गेलेलं एक रान आहे. तिथे मालकाच्या परवानगीने आम्ही पाच-सहा जण रेडिओवरची मॉडेल विमानं उडवतो. रान मोकळं होतं, विमान माणसांपासून लांब होतं, कुणाला काही झालं नाही. पण २ किलो ६०० ग्रॅमचं विमान तीस-पस्तीस फुटांवरून नाकावर आपटतं तेव्हाचा आवाज ऐकला की ‘छंदात असं व्हायचंच’ म्हणून सोडून देता येत नाही. बांधावर त्या दिवशी शेतमालकाची दोन लहान मुलं बसलेली होती. विमान तिकडे वळलं असतं तर, हा विचार मला आठवडाभर झोपू देत नव्हता. म्हणून या अपघाताचा माग शेवटपर्यंत काढला. तीन आठवडे लागले. तो सगळा तपास इथे मांडते आहे.

विमान पडल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते सगळ्यांच्याच निघतं: “सिग्नल गेला.”

आमच्यातले एक काका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेत. ते ढेकळांतून माझ्यामागोमाग चालत आले आणि म्हणाले, “गेला असेल. पण नक्की काय गेलं ते घरी बघू. आत्ता बॅटरी तेवढी काढ. बाकी एकही वायर सोडू नकोस, एकही स्क्रू फिरवू नकोस.”

बॅटरी काढायच्या आधी मी रेडिओच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, स्टिक हलवून पाहिल्या. पंखांच्या मागच्या कडेची पाती म्हणजे एलेरॉन हलले, शेपटीचं आडवं पातं म्हणजे एलेव्हेटर हलला, उभं पातं म्हणजे रडर हलला. विमानात बसून रेडिओचे हुकूम घेणाऱ्या रिसीव्हरचा दिवा स्थिर होता. नाक फुटलंय, उजवा पंख मोडलाय आणि पाती हलवणारे सर्वो (गिअर लावलेल्या छोट्या मोटरी) मात्र शहाण्यासारखे हुकूम पाळताहेत. या घडीला बहुतेक जण ठरवून टाकतात की यंत्रणा ठीक आहे, दोष हवेतल्या सिग्नलचाच. मीही तसंच ठरवलं होतं.

विमानात काय बदललं होतं

बाल्सा आणि प्लायचं हे विमान मी स्वतः बांधलेलं. पंखांची लांबी १.७ मीटर, पुढे इलेक्ट्रिक मोटर, एकूण सहा सर्वो: दोन एलेरॉनला, दोन फ्लॅपला (उतरताना खाली करायची पंखांची पाती), एक एलेव्हेटरला, एक रडरला. दीड वर्ष ते ३ सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) कुरकुर न करता उडत होतं. त्या हिवाळ्यात मी त्यात तीन बदल केले आणि तिन्ही बदलांना चांगलं कारण होतं.

एका एलेरॉन सर्वोच्या प्लास्टिक गिअरचे दात गेले, तेव्हा रडरचा सोडून बाकी पाचही सर्वो धातूच्या गिअरचे डिजिटल घेतले. वाऱ्यात ताकद कमी पडते म्हणून ३ सेलऐवजी ४ सेलची बॅटरी लावली आणि मोटरचा पंखा त्या हिशेबाने लहान केला. तिसरा बदल मी बदल म्हणून मोजलाच नव्हता: ४ सेलची बॅटरी लांब, त्यामुळे तोल जमवायला ती मागे सरकवावी लागली, आणि ती बरोबर ईएससीच्या डोक्यावर जाऊन बसली. मध्ये फोमची पट्टी घातली, हादरे बसू नयेत म्हणून.

ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट. बहुतेक ईएससींच्या पोटात आणखी एक छोटं सर्किट असतं, त्याला बीईसी म्हणतात. पूर्वी रिसीव्हर आणि सर्वोंसाठी वेगळी बॅटरी असायची, निकेल-कॅडमियमचे चार सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, मिळून ४.८. सर्वोच्या डब्यावर आजही ४.८ आणि ६.० हे आकडे छापलेले दिसतात, ते या चार आणि पाच सेलच्या हिशेबाने आलेले. इलेक्ट्रिक विमानं आली तेव्हा ती वेगळी बॅटरी वाचवायची म्हणून मोटरच्याच लायपोतून ५ व्होल्ट काढून देणारं सर्किट आलं. वजन वाचतं, एक चार्जिंग वाचतं. पण त्या ५ व्होल्टवर सगळं विमान जगतं. मोटर बंद पडली तर विमान तरंगत उतरवता येतं. हे ५ व्होल्ट गेले तर हातात काहीच राहत नाही.

माझ्या ईएससीवर ‘बीईसी ५ व्होल्ट ३ अँपिअर’ असं छापलेलं होतं. मी तेवढंच वाचलं होतं.

मोबाईलमधला पुरावा

शेतमालकाचा मोठा मुलगा आम्ही उडवायला लागलो की मोबाईलवर शूटिंग करत असतो. संध्याकाळी त्याने फोन केला. “ताई, तुम्ही सिग्नल गेला म्हणताय, पण ते पंखाचं पातं बघा की. हललंच नाही.”

त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलली, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा होता. काकांच्या घरी लॅपटॉपवर आम्ही तो एकेक फ्रेम पुढे नेत पाहिला. विमान उतरायला डावीकडे वळतंय, पंख तिरका, मोटरचा आवाज मध्यम. मी फ्लॅप खाली करते, ते खाली यायला लागतात. आणि मोटरचा आवाज तुटतो. हळूहळू कमी होत नाही, तुटतो. त्याच क्षणापासून डावा एलेरॉन आहे तिथे थिजलेला. मी मोजल्या: ४८ फ्रेम, म्हणजे दीड सेकंदाहून थोडं जास्त. विमान तिरकंच राहून नाक खाली घालतंय. मग एका फ्रेममध्ये सगळी पाती एकदम झटका देतात, एलेव्हेटर पूर्ण वर जातो (मी तेव्हा स्टिक पोटाशी ओढून धरली होती), पंख सरळ व्हायला लागतो, आणि अर्ध्या सेकंदात पुन्हा सगळं थिजतं. पुढे जमीन.

आता फेलसेफचा विचार करा. रेडिओचा सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं ते आपण आधीच ठरवून ठेवतो. मी ठरवलं होतं की मोटर बंद आणि बाकी सगळी पाती मधोमध. सिग्नल गेला असता तर रिसीव्हर जागाच असता आणि त्याने एलेरॉन मधोमध आणले असते. व्हिडिओत एलेरॉन वाकडाच राहिला. म्हणजे फेलसेफचा हुकूम द्यायलाही कुणी जागं नव्हतं. रिसीव्हर स्वतःच बंद पडला होता, मग परत चालू झाला, रेडिओ शोधून जोडला गेला, अर्धा सेकंद काम केलं आणि पुन्हा बंद पडला.

याला ब्राउनआउट म्हणतात. जुने एफएमचे रिसीव्हर व्होल्टेज खाली गेलं की सर्वोंना थरथरवायचे, पण लगेच सावरायचे. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये छोटा संगणक असतो. व्होल्टेज साधारण साडेतीनच्या खाली गेलं की तो बंद होतो, आणि परत चालू झाल्यावर जोडणी होईपर्यंतचा वेळ आपल्या हातात नसतो. तीस फुटांवर दीड सेकंद म्हणजे संपलंच.

काका म्हणाले, “आता रेंजचा विषय बंद. टेबल मोकळं कर.”

टेबलावर काहीच सापडत नाही

डावा पंख शाबूत होता, मोडक्या फ्युजलाजमध्ये (विमानाच्या धडात) ईएससी, रिसीव्हर, वायरिंग जसंच्या तसं होतं. मोटरचा पंखा काढला आणि सगळं टेबलावर मांडलं. रिसीव्हरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला: ५.०२ व्होल्ट. दोन्ही स्टिक जोरजोरात घुसळल्या. मीटर ४.९ आणि ५.० च्या मध्येच खेळत राहिला. दहा मिनिटं घुसळल्या. काही झालं नाही. रिसीव्हरचा दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

या टप्प्यावर मी खरोखर हरले होते. काकांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही या प्रकरणाचा कणा आहेत.

पहिली मीटरची. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, आणि तो आकडा मधल्या सगळ्या वेळाची सरासरी असतो. सर्वोची मोटर जागेवरून उठते तेव्हाचा करंटचा झटका काही मिलिसेकंदांचा. रिसीव्हर बंद पडायला तेवढा पुरतो, मीटरला तो दिसत नाही. घरात असे क्षणिक झटके दाखवणारा ऑसिलोस्कोप नव्हता, पण आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड होता. तो एक वाचन साधारण १०० मायक्रोसेकंदांत घेतो. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज निम्मं केलं, आर्डुइनोला वीज लॅपटॉपकडून वेगळी दिली, कारण ज्याला मोजायचं त्याच्यावरच चालणारं माप खोटं निघतं. मग प्रोग्रॅम एवढाच: सतत वाचत राहा आणि दर अर्ध्या सेकंदाला त्यातला सगळ्यात लहान आकडा दाखव.

स्टिक घुसळल्या. मीटर म्हणत होता ४.९. आर्डुइनो म्हणत होता ४.३.

मग तोच मोजमापाचा प्लग पंखाच्या आत, डाव्या फ्लॅप सर्वोच्या टोकाला लावला. ३.९. मध्ये होती ६० सेंटीमीटरची बारीक एक्स्टेंशन वायर, २६ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम. जाऊन येऊन १.२ मीटर तार, म्हणजे ०.१६ ओहम. तिच्यातून २ अँपिअर गेले की एक तृतीयांश व्होल्ट वाटेतच गळतो, आणि प्रत्येक प्लगच्या पिनांवर थोडाथोडा आणखी. २२ गेजची तार असती तर ही गळती निम्म्याहूनही कमी झाली असती.

पण ४.३ म्हणजे साडेतीन नव्हे. रिसीव्हर अजून जिवंत होता. दुसरी गोष्ट काकांनी तेव्हा विचारली. “अगं, विमान काय खोलीत पंख्याखाली उडत होतं का?”

गच्चीवर

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सगळं सामान गच्चीवर नेलं. ईएससी फ्युजलाजमध्ये होता तसाच खाली, वर फोमची पट्टी, त्यावर ४ सेलची भरलेली बॅटरी, वर झाकण. बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन. रेडिओ हातात घेऊन उडवताना जशा स्टिक हलतात तशा हलवत बसले. घुसळल्या नाहीत, साधं वळण, साधी चढण. आर्डुइनोचे आकडे लॅपटॉपवर उमटत होते.

पहिली पाच मिनिटं ४.६, ४.५, ४.६. सातव्या मिनिटाला ४.२. नवव्या मिनिटाला मी फ्लॅप खाली केले आणि एलेव्हेटर ओढला, आणि आकडा आला २.८. रिसीव्हरचा दिवा विझला. सर्वो गप्प. दोनेक सेकंदांनी दिवा लागला, सर्वोंनी झटका दिला, आणि पुन्हा विझला. व्हिडिओत पाहिलेलं सगळं डोळ्यांसमोर फरशीवर घडत होतं. झाकण काढून ईएससीला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. फोमच्या पट्टीवर ईएससीच्या आकाराचा चकचकीत, वितळल्यासारखा चौकोन उमटला होता.

झाकण काढून ठेवल्यावर चार-पाच मिनिटांत सगळं पुन्हा ठणठणीत. रानात पडल्यावर स्टिक हलवल्या तेव्हा सगळं का चालत होतं, त्याचं उत्तर हे. आपटल्यावर फ्युजलाज फुटलं, बॅटरी बाजूला उडाली, ईएससीला वारा लागला.

मोटर या चाचणीत फिरत नव्हती. हवेत ईएससीची स्वतःची उष्णताही त्यात मिसळते, म्हणून तिथे नऊऐवजी सहा मिनिटं लागली. सकाळी सात आणि आठच्या दोन फेऱ्या थंड हवेत निभावल्या, साडेअकराची निभावली नाही.

आता त्या ‘३ अँपिअर’ची गोष्ट. माझ्या ईएससीतला बीईसी लीनिअर प्रकारचा होता. हा प्रकार जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून जाळतो. हिशेब तोंडी करता येतो: बॅटरीचे व्होल्ट वजा ५, गुणिले करंट. जुन्या जमवाजमवीत ३ सेलची बॅटरी उडताना साधारण १२ व्होल्ट, सर्वो अ‍ॅनालॉग, सरासरी करंट ०.६ अँपिअर: सात गुणिले ०.६, म्हणजे ४.२ वॅट. नव्या जमवाजमवीत बॅटरी १५.५ व्होल्ट, करंट १.२ अँपिअर: साडेदहा गुणिले १.२, म्हणजे १२.६ वॅट. तिप्पट. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याच्या निम्मी उष्णता नखाएवढ्या चिपमध्ये, हीट श्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत) गुंडाळलेली, वर फोम आणि बॅटरीचं पांघरूण. चिप एका मर्यादेपर्यंत तापली की स्वतःला वाचवायला बंद होते, थोडी निवली की चालू होते, लगेच तापून पुन्हा बंद. चिप आपलं काम चोख करत होती. तिच्यावर विमान टांगलेलं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

लीनिअर बीईसी असलेल्या ईएससीच्या माहितीपत्रकात बहुधा एक छोटा तक्ता असतो: किती सेलवर किती सर्वो. सेल वाढले की सर्वोंचा आकडा घटत जातो. वेष्टनावर छापलेले ३ अँपिअर हे थंड हवेत आणि २ सेलवर मिळणारे. मी तक्ता पाहिला नव्हता, कारण ईएससी तोच होता आणि दीड वर्ष चालला होता.

गुणगुण

इथे तपास थांबला असता तरी चाललं असतं. पण १.२ अँपिअर हा सरासरी आकडा मला खटकत होता. करंट मोजायला एसीएस७१२ सेन्सर लावला. रेडिओ चालू, स्टिकला हात नाही, सर्वो निवांत: ०.९ अँपिअर. निवांत सहा सर्वो ०.९ अँपिअर का खातील? डिजिटल सर्वो जागा धरून ठेवायला अ‍ॅनालॉगपेक्षा जास्त खातो हे खरं. अ‍ॅनालॉग सर्वो आपल्या मोटरला सेकंदाला पन्नासेक धक्के देतो, डिजिटल तीनशेच्या आसपास देतो, म्हणून तो घट्ट धरतो आणि जास्त पितो. पण एवढं नाही.

फ्लॅप अर्धे खाली केले. करंट ०.२ वर आला. फ्लॅप वर मिटले. पुन्हा ०.९.

खोलीतला पंखा बंद करून मी डाव्या फ्लॅप सर्वोवर कान टेकवला. बारीक, एकसुरी गुणगुण. फ्लॅप वर मिटल्यावर पंखाच्या मागच्या कडेला टेकत होता, आणि सर्वोला त्याची जागा अजून पुढे आहे असं सांगितलेलं होतं. तो फ्लॅपला लाकडात घुसवायचा प्रयत्न करत होता, विमान चालू केल्यापासून बंद करेपर्यंत. सर्वोपासून फ्लॅपपर्यंत जाणारी सळई म्हणजे पुशरॉड. तिच्या टोकाचा चिमटा, क्लेव्हिस, फ्लॅपवरच्या खुंटीपासून (हॉर्नपासून) सोडवला. सोडवल्याबरोबर पुशरॉड चांगला २ मिलिमीटर पुढे उडाला आणि गुणगुण बंद झाली.

दोन मिलिमीटर. त्या दोन मिलिमीटरांसाठी ०.७ अँपिअर सतत जात होते. ४ सेलवर म्हणजे नुसते ७ वॅट फक्त फ्लॅप मिटून ठेवायला. नवीन सर्वो बसवताना त्याचा आर्म (पुशरॉड ढकलणारा दांडा) एका दातानं पुढे बसला होता आणि मी तो रेडिओच्या सबट्रिमने (सर्वोची मधली जागा थोडी सरकवणाऱ्या सेटिंगने) ‘दिसायला सरळ’ करून टाकला होता. जुना प्लास्टिकचा अ‍ॅनालॉग सर्वो एवढं ढकलू शकलाच नसता. नव्याच्या अंगात ताकद होती, म्हणून तो ढकलत राहिला.

सगळी साखळी आता जुळली. अडलेला फ्लॅप बीईसीला सहा मिनिटं शिजवत राहिला. ४ सेलने ती उष्णता वाढवली, बॅटरीने आणि फोमने ती कोंडून धरली, उन्हाने भर घातली. उतरताना फ्लॅप, एलेव्हेटर, एलेरॉन एकदम हलले, चार-पाच अँपिअरचा झटका बसला आणि तापलेल्या बीईसीने हात टेकले.

कपॅसिटरबद्दल थोडं

आमच्या गटात दोघांनी सुचवलं की रिसीव्हरला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, काम होईल. मी लावून पाहिला. खोलीतला ४.३ चा आकडा ४.४ झाला, गच्चीवर काहीच फरक पडला नाही. हिशेब केला की कळतं. व्होल्टेज ५ वरून ३.५ वर येईपर्यंत हा कपॅसिटर ४ अँपिअर किती वेळ पुरवेल? पावणेदोन मिलिसेकंद. सर्वोला हुकूमच दर २० मिलिसेकंदांनी जातो, आणि मोटर उठून वेग घेईपर्यंत त्याहून पुष्कळ वेळ जातो. कपॅसिटर अगदी टोकदार झटके बोथट करतो, तेवढ्यापुरता तो बरा. वीजपुरवठा अपुरा असेल तर तो ती भूक भागवत नाही, उलट टेबलावरच्या चाचणीत दोष झाकून आपली फसवणूक करतो. हे मी पोटतिडकीने लिहिते आहे, कारण तो लावून निर्धास्त होणारे बरेच जण मला भेटलेत.

काय दुरुस्त केलं

सगळ्यात आधी लिंकेज, म्हणजे सर्वोपासून पात्यापर्यंतची जोडणी. सहाही सर्वोंचे आर्म काढले, सबट्रिम शून्यावर आणले, आर्म योग्य दातावर पुन्हा बसवले, पुशरॉडची लांबी क्लेव्हिस फिरवून जमवली, आणि प्रत्येक पात्याचा प्रवास टोकाला टेकण्याआधी संपेल असा मर्यादित केला. मग क्लेव्हिस सोडून प्रत्येक पातं बोटाने हलवून पाहिलं. स्वतःच्या वजनाने खाली पडलं पाहिजे. उजव्या एलेरॉनच्या बिजागरीत गोंद शिरला होता, तो खरवडला. एवढ्यावर निवांत करंट ०.२ अँपिअरच्या खाली आला. पैसे खर्च झाले शून्य. वीजपुरवठा मोठा करायच्या आधी ही कामं करायलाच हवीत, नाहीतर दमदार बॅटरी अडलेल्या सर्वोला जाळून टाकते.

मग पुरवठा. दोन पर्याय होते. एक, वेगळा स्विचिंग बीईसी. तो जास्तीचं व्होल्टेज जाळत नाही, वेगाने चालू-बंद करून खाली आणतो, त्यामुळे फार तापत नाही आणि सेल वाढले तरी डगमगत नाही. दुसरा, रिसीव्हरसाठी स्वतंत्र बॅटरी. माझा कल पहिल्याकडे होता, वजनासाठी. काका दुसऱ्याच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं साधं होतं: मोटरच्या बॅटरीचा एक प्लग सैल झाला तरी विमान उतरवता आलं पाहिजे. स्विचिंग बीईसी कितीही चांगला असला तरी तो त्याच प्लगवर लटकलेला. लहान विमानाला मी आजही स्विचिंग बीईसीच लावेन. पण अडीच किलोच्या पुढचं, माणसांच्या जवळून उतरणारं विमान असेल तर मला काकांचं पटलं.

घेतली २ सेलची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी, २१०० एमएएच, ६.६ व्होल्ट. पाचही डिजिटल सर्वो आणि रिसीव्हर या व्होल्टेजला चालणारे होते. रडरवरचा जुना सर्वो ६ व्होल्टचाच, तो बदलला. मध्ये रेग्युलेटर नाही, त्यामुळे तापायला आणि बंद पडायला काही नाही. सरकणारा छोटा स्विचही काढून टाकला. ज्या दोन पत्र्यांच्या घासण्यावर सगळा करंट अवलंबून, ते हादऱ्यांत नकोतच. बॅटरीपासून रिसीव्हरपर्यंत २२ गेजच्या दोन स्वतंत्र जोड्या, दोन वेगळ्या सॉकेटमध्ये. सर्वोच्या प्लगची एक पीन सतत तीनेक अँपिअरच्या वर भरवशाची नसते, आणि दोन वाटा असल्या की एक निसटली तरी दुसरी असते. पंखातल्या एक्स्टेंशनही २२ गेजच्या केल्या, प्लगच्या जोडांना दोऱ्याने बांधून घेतलं.

ईएससीच्या थ्रॉटल वायरमधली लाल तार कापली नाही. प्लगमधली प्लास्टिकची जीभ टाचणीने उचलली, पीन बाहेर ओढली, दुमडून हीट श्रिंक चढवलं. दोन पुरवठे एकमेकांवर ढकलले जाऊ नयेत म्हणून हे करावंच लागतं. काळी आणि सिग्नलची तार मात्र राहू द्यायची, नाहीतर ईएससीला हुकूम कळत नाही. ईएससी आता फ्युजलाजच्या बाजूला, वाऱ्याच्या वाटेवर आहे आणि बॅटरी त्याला टेकत नाही.

हे सामान घेऊन पुन्हा गच्चीवर, पुन्हा दोन वाजता, पुन्हा झाकण लावून. वीस मिनिटं. स्टिक घुसळल्यावर रिसीव्हरपाशी सगळ्यात कमी आकडा ६.२, फ्लॅप सर्वोच्या टोकाला ५.९. दोन्ही विसाव्या मिनिटालाही तेच.

या बॅटरीची एक खोड सांगायला हवी. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून व्होल्ट पाहून किती उरली ते कळत नाही. चार्जरने परत किती एमएएच भरले ते पाहायचं. रेडिओच्या पडद्यावर रिसीव्हरचं व्होल्टेज दिसतं, त्याला ६.० वर घंटा लावली आहे. हा आकडाही सावकाश बदलतो, क्षणभराचा खड्डा त्यात दिसणार नाही, पण बॅटरी उतरत चालली तर वेळेवर कळेल.

मृग लागायच्या आधीच्या रविवारी विमान पुन्हा उडवलं. मुद्दाम सकाळी नाही, अकरा वाजता. बांधावरच्या मुलांना आधी घराकडे पाठवलं. सात मिनिटं उडवून उतरवलं, ईएससीला हात लावून पाहिला, कोमट. रिसीव्हरच्या बॅटरीत परत ९४ एमएएच गेले. २१०० मधले ९४. दिवसभरात सहा फेऱ्या केल्या तरी बॅटरी अर्ध्यावरही येणार नाही, तरी मी चारच करते.

त्याच दुपारी आंब्याखाली आर्डुइनो आणि लॅपटॉप मांडला आणि आणखी दोन विमानं तपासली. एक ठीक निघालं. दुसरं आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराचं, त्याच प्रकारचा लीनिअर बीईसी, ४ सेल, पाच डिजिटल सर्वो. निवांत करंट ०.८, स्टिक घुसळल्यावर ४.१. एलेव्हेटरचा पुशरॉड फ्युजलाजच्या भोकात घासत होता. तो म्हणाला, “पण काका, वर्षभर उडतंय की हे.” काकांनी लॅपटॉपचा पडदा त्याच्याकडे वळवला, आकडा त्याला स्वतःला वाचायला लावला, आणि विमानाची बॅटरी काढून त्याच्या हातात दिली.